अळंब्यांचे पाय

ऐका. पण हात थांबवू नका. अळंबी सकाळपर्यंत वाट बघत नाहीत, रात्रीतच आत किडा पडतो. गोष्ट तोंडानं चालेल, साफसफाई हातानं चालू दे.

असं म्हणून बायोआत्या चुलीकडे पाठ करून बसली. बायोआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची आत्येबहीण. राहते कोंडवाडीला, पण श्रावणात अळंबी निघाली की सकाळच्या एस.टी.नं आमच्याकडे हजर होते. बोलावणं लागत नाही. मधे भरलेली टोपली, भोवती आत्या, सासूबाई, माझी नणंद कालिंदी आणि मी. मी या घरात नवी. माझं माहेर दुष्काळी भागातलं. तिथं पावसाळ्यात आपोआप उगवतं ते फक्त काँग्रेस गवत, आणि ते कोणी रांधत नाही. तेव्हा आपण निदान उत्साह दाखवावा म्हणून मी टोपलीतलं पहिलं अळंबं उचललं आणि त्याचा मातकट पाय विळीवर कापायला गेले. आत्यानं माझं मनगट धरलं. जोरात नाही. पण सोडलंही नाही.

"कापू नको गो," ती म्हणाली. "आधी ऐक."

आत्या मालवणीत सांगते. मला अजून सगळी येत नाही, म्हणून मी माझ्या मराठीत लिहिते आहे. तिचे 'गो' तेवढे ठेवलेत. ते काढले तर आत्या उरत नाही.

तर ऐका. ही गोष्ट या चुलीपासून सुरू होते आणि कोंडवाडीच्या चुलीपाशी संपते. मधे आहे रोवणांची पाळंद. रोवण म्हणजे वाळवीचं वारूळ, आणि पाळंद म्हणजे दोन्ही बाजूंना दरड आणि मधून माणूस जाईल एवढी वाट. हे या नव्या बाईसाठी सांगते, तुम्हाला ठाऊक आहे.

तेव्हा या घरात सून आली, आवडू. खाडीकाठची. बापाची होडी होती. मासळी अशी ओळखायची, की अंधारात बोट फिरवून सांगेल हा कुठला मासा आणि कधी मेला. आणि खाडीकाठची रीत काय? मासळी पाण्याकाठीच साफ करायची. डोकं, पर, आतडी तिथंच टाकायची. घारी खातात. घरात येते ती धुतलेली, कापलेली, कालवणाला तयार. घाण घरात आणायची नाही. चांगली शिस्त आहे. मासळीसाठी चांगली आहे.

श्रावण होता. मासळी बंद. श्रावणात आपल्याकडे अळंबी म्हणजेच मटण. सकाळी सासूनं आवडूला नेऊन पाळंदीतली रोवणं दाखवली. ही जागा सुनेलाच दाखवतात. लेकीला नाही, लेक सासरी जाताना जागाही घेऊन जाते. सासूनं सांगितलं, पहिलं उगवलेलं अळंबं तोडायचं नाही, ते राखणदाराला, रानाच्या देवाला, ठेवायचं. रानात कोणाला नावानं हाक मारायची नाही. हळूच, मुळासकट उपटायचं. सगळं सांगितलं. एक सांगायचं राहिलं. पाय घरी आण, हे सांगितलं नाही. का सांगेल? पाय रानात कापून कोण येतं?

सासू गुरं सोडायला घरी गेली. आवडूनं एकटीनं टोपली भरली. रोवणावरची घेतली, रोवणाच्या बाजूला झाडाखाली दिसली तीही घेतली. पांढरी ती पांढरी. मग वहाळावर, ओढ्याकाठी, बसून सगळ्यांचे पाय कापले, वहाळाच्या पाण्यात धुतली, आणि घरी आली. टोपली अशी दिसत होती जशी मोगऱ्याच्या कळ्यांची. सासूनं काय म्हणावं? "हुशार आहेस गो." घाईत होती ती. हातात शेण, डोक्यात जावई. कोंडवाडीहून जावई आला होता, सोनू. या घरची लेक मथू त्याला दिलेली. मथू पोटुशी होती आणि डोहाळे कसले, तर अळंब्यांचे. पहिल्या टोपलीचा अर्धा वाटा लेकीला, ही या घरची पद्धत. आजही आहे. मी काय उगाच एस.टी. धरून येते?

सासूनं अर्धी अळंबी चांद्याच्या झाडाच्या रुंद पानात बांधून सोनूच्या हाती दिली. तो बैलवाटेनं गेला. तेव्हा ऊन कलतं होतं.

दिवेलागण झाली. सासू उरलेली अळंबी घेऊन चुलीपाशी बसली. काही रांधायची, उरलेली सुईदोऱ्यात ओवून धुरावर टांगायची, हे असंच, आपण करतो तसं. आता या सासूला रातांधळेपणा. दिवेलागणीनंतर तिला दिसत नसे. रात्री अंगण ओलांडायची नाही. हे लक्षात ठेवा. ती बोटांनी काम करायची. तिनं एक अळंबं घेतलं, खाली बोट नेलं, आणि थांबली. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं.

"आवडू, यांचे पाय कुठे?"

"कापून टाकले, आई. घरात चिखल नको म्हणून."

सासूनं हातातलं अळंबं बाजूला ठेवलं. चुलीवर पाणी उकळत होतं. मग ती म्हणाली, "कंदील घे. जिथं कापलेस तिथं जा. रोवणाच्या अळंब्याचा पाय लांब असतो, खाली निमुळता, उंदराच्या शेपटीसारखा. तो खाली रोवणाच्या पोटात जातो. सगळे तसे असले तर देवापुढे साखर ठेव. पण एखाद्याला खाली पिशवी असली, अंड्याच्या टरफलासारखी पांढरी, तर सगळे पाय गोळा करून घेऊन ये."

आवडू धावली. वहाळाकाठी ढीग तसाच होता. घारी अळंब्यांचे पाय खात नाहीत. कंदील खाली धरून ती एकेक बघत गेली. उंदराची शेपटी. उंदराची शेपटी. उंदराची शेपटी. तिला बरं वाटायला लागलं. मग एक हाताला लागला, आखूड, जाड, खाली गोल. भोवती पांढरी पिशवी. लहान मुलाच्या पायात मोजा घालावा, तसा.

एकच होता. पण एक होता.

आता ते अळंबं कुठल्या वाट्यात गेलं? घरी की कोंडवाडीला? पाय नाही, तर कसं सांगणार? वरून सगळी सारखी. सासूनं घरचा वाटा खड्ड्यात पुरला, वर काटे टाकले, गुराढोरांनी तोंड लावू नये म्हणून. हात चोळचोळून धुतले. म्हणाली, "त्याचं विष धुऊन जात नाही. शिजवून मरत नाही. धुरावर वाळवलं तरी मरत नाही. लसूण काळी पडते, रुपया काळा पडतो, हे सगळं सांगण्यापुरतं. काही काळं पडत नाही. माणूस तेवढा पिवळा पडतो." आणि मग म्हणाली, "मथूला भूक फार लागते गो आता. ती थांबायची नाही."

घरात पुरुष कोण? कोणी नाही. बाप-लेक दुसऱ्या गावी सप्त्याला गेलेले. शेजार म्हणाल तर तेव्हा इथं हे एकच घर. बैलवाटेनं जावं तर कोंडवाडीत जेवणं होऊन भांडी घासून होतील. पाळंदीतून गेलं तर जेमतेम गाठता येईल. पण पाळंदीतून दिवेलागणीनंतर कोणी जात नाही.

"पाळंदीतून जाऊ नको," सासू म्हणाली. पण बैलवाटेनं जा, असंही म्हणाली नाही. पाय आवडूच्या पदरात घालून तिनं गच्च गाठ मारली. "तू नवी सून. तुझ्या शब्दावर कोणी भरलं मडकं टाकायचं नाही. पिशवीवाला पाय दाखव. मग टाकतील."

आवडू निघाली. कंदील हातात, पाय पदरात.

इथं कालिंदीनं विचारलं, "पाळंदीत काय होतं पण?" तिनं ही गोष्ट दरवर्षी ऐकली आहे, हे तिच्या तोंडावरून कळत होतं. पण गोष्टीत तिथं प्रश्न विचारायचा असतो आणि तो तिच्या वाट्याचा असावा.

काय होतं? पूर्वी पाळंदीत एक घर होतं. त्या घरच्या बाईनं एकदा अळंबी रांधली. सगळ्यांना वाढली. सासऱ्याला, नवऱ्याला, पोरांना, सासूला. अळंबी इतकी छान झाली, की मडक्याच्या बुडाशी तिच्यासाठी काही उरलं नाही. बाई शेवटी जेवते ना. रात्री सगळ्यांची पोटं बिघडली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बरं वाटलं. उन्हात बसले, हसले. ती म्हणाली, टळलं. टळलं नव्हतं. मग एकेक जण पिवळा पडत गेला. घर रिकामं झालं. ती उरली. पुढे ती कुठे गेली कोणी पाहिलं नाही. नाव घेत नाहीत तिचं. वाढणारी म्हणतात. तिन्हीसांज टळली की ती पाळंदीत पानं मांडते. पान मांडलं की जेवणारा लागतो.

पाळंदीच्या तोंडाशी आवडू थांबली नाही. थांबली असती तर गेलीच नसती. आत शिरली. दोन्हीकडे दरड, दरडीला रोवणं, माणसाएवढी. पाऊस नव्हता, पण पानांवरचं पाणी ठिबकत होतं. आणि पहिलं काय झालं? वास आला. खोबरं भाजल्याचा. लसूण परतल्याचा. मग अळंब्याचा, असा पोटात शिरणारा. घर नाही, दार नाही, चूल नाही, आणि वास. दुपारपासून आवडू जेवली नव्हती. तोंडाला पाणी सुटलं तिच्या. आपल्या तोंडाची तिला किळस आली. पदर नाकाला लावावा तर पदरात ते पाय. तशीच गेली.

मग एक रोवण दिसलं. त्याच्यावर एकच अळंबं. ओळखलं तिनं. सकाळी राखणदाराला ठेवलेलं, मिटलेल्या छत्रीसारखं. ती पुढे गेली. चालली, चालली. परत तेच रोवण. अळंबं आता अर्धं उघडलं होतं. पुढे गेली. वाट सरळ आहे गो, पाळंदीला फाटा नाही, वळायला जागा नाही. परत तेच रोवण. आता अळंबं पूर्ण उघडलेलं, ताटाएवढं. कंदिलाची वात आपोआप खाली गेली. चकवा लागला होता.

चकवा लागला की बसून राहायचं म्हणतात. उजाडेपर्यंत. आवडूनं काय करावं? बसली तर स्वतः वाचेल. आणि तिकडे मथू पान वाढून घेईल. ती बसली नाही. रडत चालत राहिली. दरडीला एक हात लावून, बोटांची सालं निघाली तरी हात न काढता, चालत राहिली.

आणि मागून हाक आली.

"आवडू."

सासूचा आवाज. दम लागलेला. "आवडू, थांब गो. मिळालं. ते आपल्याच वाट्यात होतं. खड्डा उकरून बघितलं मी. मथूच्या वाट्यात काही नाही. ये परत, पोरी. घाबरू नको."

बघा आता. कुठली बाई वळणार नाही? तिला तेच तर ऐकायचं होतं. ती अर्धी वळली पण. हुंदका आला तिला, सुटले म्हणून. आणि तेवढ्यात तिच्या डोक्यात आलं. आईला रात्री दिसत नाही. अंगण ओलांडत नाही ती. आणि पाय नसलेल्या अळंब्यांतून तिनं ते शोधलं कसं? आवाज मात्र चांगला जवळ येत होता. न अडखळता. या वाटेवर, या अंधारात.

आवडू पूर्ण वळलीच नाही. पुढे पळाली. मागचा आवाज थोडा वेळ गोड राहिला. मग म्हणाला, "मथू जेवली गो. आता कशाला पळतेस?"

सासूबाईंचा दोरा इथं तुटला. त्यांनी तो परत सुईत घातला, दिव्याजवळ धरून. आत्यानं पुढे सुरू केलं.

कंदील विझला. पण अंधार झाला नाही. दरडीला पडलेली कुजकी लाकडं उजळली. गार, हिरवट उजेड. त्या उजेडात वाट सरळ झाली. आणि वाटेच्या टोकाला घर. मथूचंच घर. तोच ओटा, तीच तुळस, दाराशी तोच पाटा-वरवंटा. दारात मथू उभी, हात कमरेवर, पोट पुढे.

"ये गो वहिनी. अशी काय आलीस? आम्ही टाकली ती. सासूबाईंनी बघताक्षणी ओळखलं, उकिरड्यात टाकली. भाकरी खातोय. ये, बस. तूही जेव."

आत सगळे बसलेले. सोनू, त्याचा बाप. मथूची सासू वाढायला वाकलेली. पानं मांडलेली. एक पान रिकामं. आवडूनं हुंदका दिला आणि आत गेली. कोणीही गेलं असतं. पाटावर बसणार, एवढ्यात तिला आठवलं. आपण नवी सून. मोठ्यांच्या पाया पडल्याशिवाय कशा बसतो? आईंनी शिकवलंय. म्हणून ती मथूच्या सासूपुढे वाकली. लुगड्याच्या काठाखाली हात नेला.

पाय नव्हते.

काठाखाली काहीच नव्हतं. घोट्यापाशी कापलेलं. सरळ, स्वच्छ, विळीनं कापावं तसं. बोटाला गार, ओलं, पांढरं लागलं. अळंब्याच्या देठासारखं. आवडूनं मान वळवली. सोनूची मांडी घातलेली, खाली पाय नाहीत. म्हाताऱ्याला नाहीत. मथू दारातून आत आली ती चालत आली नाही, सरकत आली. आणि ती वाढणारी वरून म्हणाली, आता तिचा आवाज कोणासारखाच नव्हता, "पदरात काय आहे गो? आमचं आम्हाला दे."

सगळे पानावरून तिच्याकडे वळले. भूक लागलेली पोरं आईकडे बघतात, तसे. "दे ना," म्हणाले. "तू कापलेस. दे ना."

आता हे समजून घ्या. ते पाय दिले तर आवडू सुटते. पण ते पाय म्हणजे तिचा पुरावा. पाय नाहीत तर कोंडवाडीला जाऊन सांगणार काय? कोण ऐकणार? नाही दिले तर ती इथंच राहते, रिकाम्या पानावर. तिनं गाठ धरून ठेवली. खूप वेळ धरली. एकेक हात पदराला लागत गेला, गार, ओला, पदर ओढला जात होता. शेवटी तिनं दातांनी गाठ सोडली आणि सगळे पाय जमिनीवर उधळले.

कोंबड्या दाण्यांवर पडतात तसे पडले सगळे. हा माझा, हा माझा. पाय उचलून स्वतःला लावून बघायला लागले. आवडू पळाली. मागे घर नव्हतं, उजेड नव्हता. ती पळत होती आणि तिला वाटलं, सुटले.

आणि मागून आवाज आला. पट पट पट पट. अनवाणी, ओल्या पायांचा.

आता त्यांना पाय होते ना.

तिनंच दिले होते. पट पट पट. जवळ येत होते. काही आवाज हलके, उंदरासारखे, चुरुचुरु. त्यांत एक जड. थप. थप. गोल बुडाचा. तो सगळ्यांत पुढे. तो तिच्या पाठीशी आला, मानेवर गार श्वास आला. पुढे कोंडवाडीचा वहाळ. आवडूनं वहाळात अंग टाकलं. गुडघाभर पाणी, पण पुराचं, ओढ असलेलं. पालथी पडली, उठली, पलीकडच्या खडकाला हात लागला. मागे काठावर थप थांबलं.

"वाढते गो," मागून कोणी म्हणालं, अगदी मायेनं. "परत ये केव्हातरी."

कोंडवाडीत घराला दिवा होता. आवडू ओट्यावर चढली. ओलीचिंब, केस सुटलेले, हाताची सालं निघालेली. आत सगळे बसलेले. सोनू, त्याचा बाप. पानावर भात वाढलेला. मथूची सासू मडकं चुलीवरून उतरवून कडेला ठेवत होती. मथू दाराशी. "वहिनी? अशी काय आलीस?"

तेच शब्द. अगदी तेच.

आवडू थेट मथूच्या पायांवर पडली. दोन्ही हातांनी पाय चाचपले. सुजलेले होते. पोटुशीचे. जोडवी रुतलेली. गरम होते. मग मथूच्या सासूच्या पायांवर पडली, तिच्या टाचांच्या भेगांत बोटं घालून बघितली. मग सोनूच्या, मग म्हाताऱ्याच्या. म्हातारा म्हणाला, "पोरीला वळण चांगलं आहे हो."

मग तिनं सांगितलं. अळंबी टाका. एक वाईट आहे.

"कुठलं वाईट?" मथूची सासू म्हणाली. "मी चाळून घेतली. सगळी पांढरी, दुधासारखी."

"पाय..." आवडू म्हणाली.

"पाय तूच कापलेस ना? मग कसं सांगतेस?"

"पाय होते माझ्याकडे. पिशवीवाला होता. मी पाळंदीत... मी ते दिले."

"कोणाला दिलेस?"

आता काय सांगावं? सांगून बघा तुम्ही. सोनू हसला. म्हणाला, "वहिनीला एकटीला घरी कंटाळा आला असेल." म्हातारा म्हणाला, "बसव तिला, जेवू घाल, सकाळी बघू." आणि मथू, माझी मथू, तिला तो वास सहन होईना, ती म्हणाली, "मला थोडीशी आधी वाढा हो." सासूनं पळी उचलली. मडक्यात घातली.

आवडूनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मडकं हिसकावावं तर चार जण तिला धरतील. ओतून द्यावं तर जड, तापलेलं, हाताला धरवणार नाही. एकच राहिलं. जे कुठल्या घरात कोणी केलं नाही, जे कुठली सून करणार नाही. तिनं लुगडं वर धरलं आणि चिखलानं भरलेला आपला उजवा पाय त्या मडक्यात घातला. घोट्यापर्यंत. उकळतं होतं ते, आत्ता उतरवलेलं.

ओरडली नाही. पाय तसाच ठेवून उभी राहिली. म्हणाली, "आता जेवा."

कोण जेवणार? अन्नाला पाय लागलेला.

आत्यानं चुलीत लाकूड सरकवलं. कालिंदी म्हणाली, "आत्या, कुजक्या लाकडांवर बुरशी असते. ती रात्री चमकते. आम्हाला कॉलेजात सांगितलंय."

"असेल," आत्या म्हणाली. "जाऊन बघून ये."

कालिंदी काही उठली नाही.

मी विचारलं, "मग ते अळंबं त्या मडक्यात होतं?"

"ते कधी कळलं नाही गो," आत्या म्हणाली. "खड्ड्यातल्यात होतं, की मडक्यातल्यात. पाय नसले की कळत नाही. मथूच्या सासूनं कितीतरी दिवस या घराशी बोलणं टाकलं होतं. अन्नात पाय घातला म्हणून सगळीकडे सांगत फिरली. मग मथू बाळंत झाली, मुलगी झाली, तेव्हा तीच आली बारशाचं बोलावणं घेऊन. येताना आवडूच्या पायासाठी तेल आणलं होतं. तेल ठेवलं आणि गेली." आत्यानं हातातलं अळंबं फिरवून बघितलं. "त्या मुलीचं नाव बायो ठेवलं."

सासूबाई खाली मान घालून ओवत होत्या. आमच्या पुढच्या खोलीत आजेसासूंचा एक फोटो आहे. खुर्चीत बसलेल्या, लुगड्याचा काठ ओढून पाय झाकलेले. मला वाटायचं, त्या काळच्या बायका लाजऱ्या असतील.

तेव्हा ऐका, आत्या शेवटी म्हणाली, आणि हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. कोंडवाडीला यायचं तर डांबरी रस्त्यानं ये. एस.टी. चुकली तर दुसरीची वाट बघ, नाही आली तर येऊ नको. पाळंदीत पाय घालू नको. आतून सासूची हाक येवो, आईची येवो, नवऱ्याची येवो. माझी आली तर मुळीच नको. आणि रानात अळंब्याचा पाय कापू नको. त्यांना परत कोणीतरी पाय आणून द्यावेत, याची ते वाट बघत आहेत.

मग तिनं माझ्या हातातलं ते अळंबं घेतलं, मी मघाशी कापायला निघाले होते ते, आणि पाय दिव्याकडे करून माझ्यापुढे धरलं. या घरात प्रत्येक अळंबं दोघींनी बघितल्याशिवाय कापत नाहीत. एकीला शंका आली, तरी ते खड्ड्यात जातं, मग दुसरी काहीही म्हणो.

"बघ," ती म्हणाली.

मी बघितलं. लांब होता. निमुळता. शेवटी केसासारखा बारीक, त्याला लाल माती.

"दिसला?"

"दिसला."

"आता काप."

मी कापला. आणि पुढचं अळंबं उचललं, पाय दिव्याकडे करून तिच्यापुढे धरलं.